जब्बारमामूंचं नाक

जवळा बाजारातून औंढ्याच्या रस्त्याला लागलं की गावाची घरं संपतात तिथं डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड आहे. शेडपुढं कडुलिंब, कडुलिंबाखाली एखाददुसरी पिकअप आणि तिच्या खालून बाहेर आलेले दोन पाय. टाचा भेगाळलेल्या, पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला. आमच्या भागातल्या बहुतेक ड्रायव्हरांची जब्बारमामूंशी ओळख आधी पायांकडून झाली आणि मग चेहऱ्याकडून. माझीही तशीच झाली.

डी.एड. करून मी काही वर्षं शिक्षकभरतीची वाट बघितली. भरती काही निघेना. शेवटी घरच्यांच्या मागं लागून एक जुनी पिकअप घेतली आणि हळद, सोयाबीन, कापूस, मांडवाचे बांबू, जे मिळेल ते वाहायला लागलो. गाडीबरोबर एक माहितीपुस्तक आलं होतं. मी पडलो शिकलेला माणूस, त्यामुळं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. गिअरबॉक्सचं आणि मागच्या हौसिंगचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं हे त्यात छापलेलं होतं. हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोल डबा असतो तो. गाडीत भरलेल्या मालाची सगळी ओढ त्यातल्या दातेरी चक्रांवर येते. किलोमीटर भरले तसा मी त्या दोन पायांसमोर जाऊन उभा राहिलो.

“मामू, ऑइल बदलायचं होतं. गिअरचं आन् हौसिंगचं.”

“कोण म्हणलं?” गाडीखालून आवाज आला.

“पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तकवाला कधी येऊन गेला जवळ्याला?”

मग ते सरकत बाहेर आले. किडकिडीत अंगाचे, पांढऱ्या दाढीला ऑइलचा एक डाग, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आणि नाक! एवढ्याशा चेहऱ्यावर एवढं नाक मी आजवर पाहिलेलं नाही. माणूस वळायच्या आधी नाक वळायचं.

त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. काय वाहतोस? भरून नेतोस का ठेचून भरून? डांबरी रस्त्यानं का शेतातल्या वाटेनं? ओढ्यातून घातली का? गाडी तू चालवतोस का घरचं कुणी, भाऊ वगैरे? भाऊ चढाला गिअर टाकतो का तसाच रेटतो? डी.एड.च्या तोंडी परीक्षेत मला एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते. मी डी.एड. आहे हे कळल्यावर त्यांनी मला जे “मास्तर” म्हणायला सुरुवात केली ते कायमचंच. शाळा नव्हती, पोरं नव्हती, पण मास्तर झालो.

“पुस्तक खोटं न्हाई मास्तर,” ते म्हणाले. “त्यानं त्याच्या रस्त्याचं लिहिलं. पण किलोमीटरनं रस्ता मोजतेत, तकलीफ मोजत न्हाईत. तुझ्या गाडीची तकलीफ तिलाच विचारावी लागते.”

आणि मग मी त्यांची ती तपासणी पहिल्यांदा बघितली. आधी मला हौसिंगवर तळहात टेकवायला लावला. दहा मोजेपर्यंत हात टिकला तर गाडी तपासण्याइतकी निवली. टिकला नाही तर कडुलिंबाखाली बसून राहायचं, घाई करायची नाही. मग हौसिंगच्या अंगावरचा वरचा बोल्ट खोलून त्यांनी भोकात करंगळी घातली. ऑइल भोकाच्या कडेपर्यंत आहे का हे करंगळी सांगे. बाहेर काढून ती उन्हात धरली, रंग बघितला. अंगठ्याला घासून लोखंडाचा चुरा हाताला लागतो का ते बघितलं. आणि शेवटी डोळे मिटून ती करंगळी त्या विशाल नाकाखाली धरली. एवढा वेळ शेडमागं कलकलणारी कोंबडीसुद्धा गप बसली असं मला वाटलं.

“नवं ऑइल नाकाला झोंबतं,” डोळे न उघडता ते म्हणाले. “मुरलेलं ऑइल गप ऱ्हातं. जळालेलं ऑइल बोंब मारतं. आपण फक्त ऐकून घ्यायचं.”

वास घेऊन झाला की करंगळी शेडच्या आतल्या पांढऱ्या भिंतीला पुसायची आणि त्या डागाखाली कोळशानं मालकाचं नाव लिहायचं, ही त्यांची दफ्तरी नोंद. भिंतभर असे डाग होते, कुठं मधासारखे, कुठं चहासारखे, कुठं काजळासारखे. पुढच्या खेपेला नवा डाग जुन्याच्या शेजारी उमटे, आणि गाडी कोणत्या चालीनं म्हातारी होत आहे ते बसल्या जागी दिसे. दर रमजानला भिंतीला चुन्याचा हात बसायचा, की सगळ्यांची पाटी पुन्हा कोरी.

मामूंचे निकाल तीनच प्रकारचे असत. “चालू दे”, “हळदीनंतर ये” आणि “कुठं मेला होतास इतके दिवस?” मला त्या दिवशी पहिला निकाल मिळाला. मी काम घेऊन गेलेलो आणि त्यांनी मला तसंच परत पाठवलं. आपल्याकडे आलेलं गिऱ्हाईक हाकलून लावणारा मिस्त्री मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मी त्याच दिवशी त्यांच्या प्रेमात पडलो.

त्यांच्याशी खोटं बोलून उपयोग नसे. आमच्याकडचा प्रल्हाद नावाचा ड्रायव्हर एका पावसाळ्यात आला. मागून आवाज येतो म्हणाला. मामूंनी विचारलं, “पाण्यात घातली?” प्रल्हादनं कानाला हात लावला, आईची शपथ घेतली. मामूंनी आधी वरचा आणि मग खालचा बोल्ट खोलून घमेल्यात ऑइल उतरवलं, तर ते दुधाळ. ऑइलमध्ये पाणी गेलं की ते असं फेसाळ पांढरट होतं. मामूंनी समोरच्या टपरीवरून दोन कप चहा मागवला. घमेलं आणि कप शेजारीशेजारी ठेवले आणि प्रल्हादला म्हणाले, “ओळख. यातला तुझा कोणता?”

प्रल्हाद खाली मान घालून हसला. “थोडीशीच घातली मामू. चाकं बुडली बस.”

“गरम हौसिंग गार पाण्यात गेलं की घोट घेणारच. त्याला तहान लागते. आन् आईला काहून मधी आणलं रे? तिनं चालवली का गाडी?” मग त्यांनी स्वतःचा चहा पिऊन टाकला, प्रल्हादला त्याचा दिला, आणि पाणी निथळून नवं ऑइल भरून दिलं.

त्यांची आणखी एक शिस्त होती. हौसिंगला दोन बोल्ट असतात, वरून भरायचा आणि खालून सांडायचा. खालचा खोलायच्या आधी वरचा खुलतो का ते बघायचंच. एकदा उत्तम नावाच्या आमच्या एका मित्रानं घरच्या घरी शहाणपणा करून आधी खालून सगळं ऑइल सांडलं, आणि मग वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला. गाडी रिकामी. त्यात दारात वऱ्हाड नटून उभं, कारण त्याच गाडीतून लग्नाला निघायचं होतं. नवरीच्या मामाला चक्कर यायची बाकी राहिली. मामू सायकलला लांब पाना आणि पाइपचा तुकडा बांधून तिथं पोचले, बोल्टला शेक देऊन, पाइप जोडून, “या अल्ला” म्हणत तो फिरवला आणि वऱ्हाड मार्गी लावलं. लग्नात जेवायला बसले तेव्हा म्हणाले, “आधी भरायचं खोला, मग सांडायचं.” हे वाक्य आमच्याकडे इतकं रुळलं की दुसरी नोकरी बघायच्या आधी पहिली सोडणाऱ्याला, नवी विहीर लागायच्या आधी जुनी बुजवणाऱ्याला, सगळ्यांना तेच ऐकायला मिळतं. परवा ग्रामसभेत एका बाईनं ते सरपंचाला ऐकवलं. ती वाहनात कधी पुढं बसलीसुद्धा नसेल.

अशी मामूंची सद्दी चालू होती. पिकअपवाला नवा असो की जुना, करंगळी भिंतीला टेकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि मग एका थंडीत मामूंना ताप आला. आठ-दहा दिवस शेड बंद राहिलं, मग उघडलं. मामू थोडे वाळलेले दिसले, बाकी सगळं पूर्वीसारखंच. तळहात, करंगळी, ऊन, अंगठा, मिटलेले डोळे. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

त्यानंतर हळदीचे दिवस आले. हळद शिजवायची, वाळवायची, मग पॉलिशच्या पिंपात घालून गरागरा फिरवायची. त्या धुरळ्यानं आमच्याकडे सगळंच पिवळं होतं. शर्ट पिवळे, रस्ते पिवळे, कुत्री पिवळी. गाडीच्या फळ्यांच्या फटीतून ती पूड खाली झिरपते आणि तेलकट हौसिंगवर थर बसतो. त्या वर्षी रमजान नेमका याच दिवसांत आला होता. भिंतीला नुकताच चुना दिलेला होता, अजून ओलसर होता. भाऊ आणि मी आमच्या शेतातली सगळी हळद हिंगोलीच्या मार्केटला न्यायच्या तयारीत होतो. वर्षभराची कमाई गाडीत घालायची, म्हणून आदल्या दिवशी मी गाडी मामूंना दाखवायला नेली.

त्यांनी बोल्टाभोवतीचा भाग फडक्यानं पुसला. फडकंही पिवळंच होतं. करंगळी घातली, उन्हात धरली. नाकाखाली धरून डोळे मिटले.

“सोनं हाय मास्तर, सोनं. चालू दे. ईद होऊन जाऊ दे, मग बघू.”

करंगळी भिंतीला पुसली. मी दुसऱ्या दिवशी पहाटे हळद भरून निघालो.

औंढा मागं पडलं आणि मागून कुईं असा बारीक आवाज सुरू झाला. आधी वाटलं वाऱ्याचा असेल. मग तो वाढला. गाडी बाजूला घेऊन हौसिंगवर तळहात टेकवला तर दोनपर्यंतही मोजता येईना. ओळखीच्या एका पिकअपवाल्यानं आमची पोती त्याच्या गाडीत घेतली, भाऊ त्याच्याबरोबर हिंगोलीला गेला, आणि मला एका ट्रॅक्टरनं दोरी बांधून परत जवळ्याला आणलं. माल वाचला. पण मामू चुकले कसे, याच विचारात मी स्टेअरिंग धरून बसलो होतो.

मामूंनी खालचा बोल्ट खोलला. काळंकुट्ट ऑइल आणि लोखंडाचा चुरा. बेअरिंग गेलेलं. मला त्या ऑइलचा करपट वास चार हातांवर उभ्यानं येत होता, आणि मामू त्या घमेल्यावर वाकून नुसते बघत होते. मग ते उठले आणि भिंतीपाशी गेले. मीही गेलो. माझ्या नावाच्या वरचा आदल्या दिवशीचा डाग लाल झाला होता. चक्क कुंकवासारखा लाल.

हळदीला चुना लागला की लाल होतं, त्याचंच कुंकू करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यांच्या करंगळीवर जे सोनं चमकलं होतं ती बोट बाहेर येताना ऑइलवर बसलेली बोल्टाभोवतीची हळद होती. खालचं ऑइल कधीच जळलं होतं.

“हळदीचा वास तर आंधळ्याला बी येतो मामू,” मी म्हणालो.

मामू खाली बसले. “नाक मेलं मास्तर माझं. त्या तापात गेलं. डिझेलचा न्हाई, अत्तराचा न्हाई, कशाचाच वास येत न्हाई.”

“मग करंगळी नाकाला काहून लावत होते?”

“लोक बघून राहिले असतेत ना,” ते म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या वेळी मला फक्त गलबलून आलं. एवढा खरा माणूस तीन महिने डोळे मिटून नाटक करत होता आणि त्याची त्याला किती लाज वाटत होती हे तोंडावर दिसत होतं. रोजा असून त्यांनी दिवसभर खपून माझी गाडी नीट करून दिली. दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप.

लोकांना वाटलं ईदेसाठी बंद ठेवलंय. मीही कुणाला काही सांगितलं नाही. ईदेच्या दिवशी शिरखुर्मा खायला गेलो. मामूंचं घर शेडच्या मागंच. नवीन पांढरे कपडे घालून ते बाजेवर बसले होते, पण चेहरा असा की कुणाच्या मौतीला आलेत.

“शेड इकून टाकतो,” ते मला म्हणाले. “उद्या कुणाची गाडी घाटात फेल झाली तर? माझ्या भरवशावर लोक लेकरंबाळं घेऊन चालले. बिनानाकाचा मिस्त्री काय कामाचा?”

तेवढ्यात खैरूनमामी वाट्या घेऊन बाहेर आल्या. मामी म्हणजे मामूंची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, पदर डोक्यावर घट्ट आणि जीभ त्याहून घट्ट. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली पण त्यांनी शेडमध्ये कधी पाय टाकला नव्हता. त्या ऑइलच्या वासानं त्यांना उमासे येत. मामूंचे कपडे त्या वेगळ्या बादलीत धूत आणि अंगणाच्या पार टोकाच्या तारेवर वाळत घालत.

“मला ठावं हाय यांचं नाक गेलं ते,” मामी म्हणाल्या.

मामू चमकले. “तुला कुणी सांगितलं? मास्तर, तू?”

“त्याला काहून बोलता? लगीन झालं तवापासून एक दिस असा न्हाई गेला की यांनी जेवताना नाव ठेवलं न्हाई. फोडणी जळली, भात लागला, मसाला कच्चा ऱ्हायला. थंडीपासून मुकाट जेवून राहिले. मला वाटलं, सुधारले. मग मनात शक आला. एक दिस मुद्दाम दाळ करपवली.” त्या माझ्याकडे वळल्या. “दोनदा वाढून घेतली रे यांनी! वरून म्हणले, मस्त झाली.”

मला हसू आवरेना. मामू मात्र हसले नाहीत. “मग आता काय करू म्हणतीस?”

“काय करू म्हंजे? चाळीस साल झाले तुमचे कपडे धुऊन राहिले मी. कोणत्या दिवशी जळालेल्या गाडीखाली होते आन् कोणत्या दिवशी चांगल्या, बादलीत हात घालायच्या आधी समजतं मला. तुमी कधी इचारलं का?”

मामू उठले, कुलूप काढून शेडमध्ये गेले आणि तीन झाकणांत तीन प्रकारचं ऑइल घेऊन आले. ईदेच्या नव्या पांढऱ्या कपड्यांत. मामींनी तोंडाला पदर लावला, नाक तेवढं उघडं ठेवलं, आणि एकेका झाकणावर नुसत्या वाकल्या.

“हे नवं. डब्यातलं.”

“बराबर.”

“हे चाललेलं हाय, पण चांगलं हाय. आन् हे... या अल्ला, हे कुणाचं? फेका आधी!”

“हे मास्तरचं,” मामू म्हणाले, आणि मग इतके हसले की चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी सुटली. थंडीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो. मामी म्हणाल्या, “हसायला काय झालं? शिरखुर्मा गार होऊन राहिला.”

दुसऱ्या दिवशी शेड उघडलं ते एका लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट. कडुलिंबाच्या सावलीत मामी तांदूळ निवडत बसलेल्या. मामूंनी येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, “माझं नाक गेलं. हे आता हिचं नाक. चालत असंल तर थांब, न्हाईतर हिंगोलीला जा.” लपवलं म्हणून जे झालं ते त्यांना इतकं लागलं होतं की पुन्हा कधी लपवणार नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. चार-दोन जण गेलेही हिंगोलीला. प्रल्हाद थांबला, पण त्याला लाज वाटत होती. मामूंची करंगळी मामींच्या नाकाखाली गेली. मामींनी भुवया चढवल्या.

“हे ठीक हाय. पण तुझ्या गाडीला म्हशीचा वास येऊन राहिला. म्हशी वाहून धुतली न्हाईस का?”

प्रल्हाद पाया पडायचाच बाकी राहिला. गेलेले चार-दोन जण पंधरा दिवसांत परत आले.

मामी निकालाच्या बाबतीत मामूंहून कडक निघाल्या. मामू थोडं सांभाळून घेत, “काढ अजून एक महिना” म्हणत. मामींकडे ती भानगड नव्हती. “बदला” म्हणाल्या की बदला. शेडचं रूपही पालटलं. फडकी रोज धुऊन येऊ लागली, हळदीच्या गाड्यांची फडकी वेगळ्या खिळ्याला. बोल्टाभोवती आधी रॉकेलनं पुसायचं हा नवा कायदा झाला. पान्यांची मांडणी बदलली तेव्हा मात्र दोघांचं जोरदार वाजलं. मामू म्हणाले, “चाळीस साल अंधारात हात घातला तरी बाराचा पाना हाताला लागत होता!” मामी म्हणाल्या, “मग दिवा लावा.” पूर्वी त्या शेडमधून फक्त हातोडीचा आवाज यायचा. आता रस्त्यानं जाताना या दोघांचं भांडण ऐकू यायचं, मधूनच मामूंचं हसणं. मी काम नसलं तरी गाडी तिथं थांबवायला लागलो.

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं आणि मला नोकरी लागली. कळमनुरीच्या बाजूला, एका खासगी शाळेवर. गाडी भावाच्या ताब्यात द्यायची होती, त्याआधी ऑइल दाखवून घ्यावं आणि मामूंचं तोंड गोड करावं म्हणून मी गेलो. पेढ्यांचा पुडा पिशवीत, पिशवीवर टॉवेल. मामी घरात भाकरी थापत होत्या, आवाज येत होता. पाय नेहमीच्या जागी, दुसऱ्या एका गाडीखाली होते. मी जाऊन उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत गाडीखालून आवाज आला.

“मास्तर, पेढे कशाचे रे? पोरगं झालं का?”

“नोकरी लागली मामू,” मी आनंदानं सांगितलं, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “मामू! तुम्हाला पेढे कसे कळले?”

पाय जागच्या जागी थबकले. मामू हळूहळू सरकत बाहेर आले. आधी घराच्या दाराकडे बघितलं, मग ऑइलनं भरलेलं बोट ओठांवर ठेवलं.

“कधीपासून?” मी कुजबुजलो.

“पावसाळ्यापासून. आधी मातीचा आला, मग डिझेलचा. आता तर सगळंच येऊन राहिलं. काल फोडणी जळली होती, मुकाट खाल्लं.”

“अहो मग मामींना सांगा ना!”

“येडा का तू?” मामू म्हणाले. “चाळीस साल या झाडाखाली एकटा खपलो. आता ती येऊन बसती, चार शिव्या देती, दिवस कधी गेला कळत न्हाई. सांगितलं तर तांदळाचं सूप उचलून घरात जाईल. तिला तर हा वास आवडत बी न्हाई. मास्तर, तू जर बोललास ना, तर तुझ्या हौसिंगमधी मी सवताच्या हातानं पाणी घालीन.”

मी अजून बोललो नाही. मामींना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

गाडी निवल्यावर मामूंनी बोल्टाभोवती रॉकेलनं पुसलं, करंगळी घातली, उन्हात धरली. जाता जाता ती क्षणभर स्वतःच्या नाकाजवळून नेली आणि मला हळूच म्हणाले, “अजून महिनाभर चालतंय.” मग मोठ्यानं हाक मारली, “अजी, जरा येता का?”

मामी पीठ लागलेले हात पुसत आल्या, लाल खुर्चीत बसल्या, आणि मामूंनी करंगळी पुढं केली. मामींनी डोळे मिटून वास घेतला. त्यांना वेळ लागत होता आणि मामू तोवर निकाल लागायच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे उभे होते.

“बदला,” मामी म्हणाल्या.

“बदलतो,” मामू म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पाना घेऊन गाडीखाली शिरले. आधी वरचा बोल्ट, मग खालचा. ऑइल घमेल्यात पडायला लागलं. मी पुडा सोडून मामींच्या हातावर पेढा ठेवला, नोकरीचं सांगितलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, पीठ माझ्या गालाला लागलं.

“पेढ्याला वास कसला हाय गं?” गाडीखालून मामूंनी विचारलं.

मामींनी पेढा नाकाजवळ नेला, नीट वास घेतला आणि खाली वाकून त्या पायांना समजावून सांगितलं, “वेलदोड्याचा हाय. आन् खवा चांगला भाजलेला हाय, करपलेला न्हाई.”

“असं का?” मामू म्हणाले. “बरं झालं सांगितलंस.”